आबांचा बोलठसा

दुर्गमाळ सहकारी दूध संघाच्या शीतकरण विभागात अमोनिया वायूची गळती झाली ती सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी. सात एक्कावन्नला संघाचे अध्यक्ष दौलतराव खराडे यांनी घटनेबद्दल तीव्र दुःख व्यक्त केलं, मृताच्या कुटुंबाच्या पाठीशी संघ खंबीरपणे उभा असल्याची ग्वाही दिली, आणि ड्युटीवरच्या ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे हा प्रकार घडल्याचं सांगितलं. सगळ्या वर्तमानपत्रांनी ते जसंच्या तसं घेतलं. आता यातली गंमत, गंमत कसली म्हणा, अशी की त्या वेळी दौलतराव खराडे त्याच विभागाच्या दारात बेशुद्ध पडले होते.

शुभदा ओतारीने ही बातमी घरी चहा पिता पिता फोनवर वाचली. वाचताना तिच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते आठवलं की पुढे तिला स्वतःची किळस यायची. तिला वाटलं, झकास जमलंय. मग दौलतरावांना दवाखान्यात नेल्याचा फोन आला, आणि चहा तसाच टाकून ती तिकडे धावली.

शुभदा संघाची जनसंपर्क अधिकारी. एक ना दोन, चोवीस वर्षं. त्याआधी कोल्हापूरच्या एका दैनिकात बातमीदार होती. तिला संघात आणलं तेच मुळी आबांच्या तोंडामुळे. दौलतरावांना सगळा तालुका आबा म्हणायचा. माणूस सोन्यासारखा, दुधाचा कॅन उघडल्या उघडल्या नुसत्या वासावरून त्यात काय काय आहे ते सांगणारा, पण पत्रकारांसमोर बसवला की पंचाईत. अध्यक्ष झाल्यावर पहिल्याच पत्रकार परिषदेत ते म्हणाले होते, "दुधात पाणी घालनारा माझा सख्खा मेव्हणा असला तरी त्येला उलटा टांगीन!" दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मथळा, आणि घरात मेव्हण्याचं तोंड वाकडं. तेव्हापासून आबांनी छापण्यासाठी असं एक अक्षर स्वतःच्या मनाने उच्चारलं नाही. सभेत ते शुभदाने लिहून दिलेला कागद वाचायचे. प्रेसनोट ती लिहायची, प्रतिक्रिया ती द्यायची, सभासदांना जाणारी पत्रं तीच लिहायची.

"तू लिहितीस ते पेपरात वाचून मलाच वाटतंय, ह्यो मानूस भेटला पायजे कवातरी," असं आबा म्हणायचे, आणि न वाचता सही करायचे.

यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. सगळीकडे हेच चालतं. साहेब बोलतात ते जनसंपर्कवाला लिहितो, आणि पेपरात आलं की साहेबांना कळतं आपण काय बोललो. मागच्या वर्षी मात्र उपाध्यक्ष धैर्यशीलराव, म्हणजे आबांचे पुतणे, यांनी 'प्रवक्ता' नावाचं यंत्र आणलं. शुभदाच्या चोवीस वर्षांच्या सगळ्या प्रेसनोट त्याला खाऊ घातल्या. आता काही घडलं की प्रवक्ता स्वतःच निवेदन लिहितो आणि स्वतःच धाडतो. शुभदाला खुर्ची राहिली, काम गेलं. संघात काहीही बिघडलं की 'मानवी चूक' लिहायचं, हे त्याला तिच्याच कागदांनी शिकवलं होतं.

या वेळची मानवी चूक म्हणजे रणजित चौगले. आणि गळतीत जो जागच्या जागी गेला तो फिटर अमर, रणजितचा मेव्हणा. रणजितच्या बायकोचा, रेश्माचा, पाठचा एकुलता एक भाऊ.

तिसऱ्या दिवशी दुपारी आबा शुद्धीवर आले. फुप्फुसं भाजून निघाली होती. डॉक्टरांनी शुभदाला बाजूला घेऊन सांगितलं, बोलायचं ते आज बोलून घ्या. तिला पाहिल्यावर आबांनी नाकावरचा मास्क हाताने सरकवला.

"शुभदे, रणजित कुठं हाय?"

"जामिनावर सुटलाय, आबा. गावी आहे. पण रेश्मा त्याला घरात घेत नाही. गोठ्यात झोपतोय म्हणे. आपल्या भावाला नवऱ्यानंच मारलं, असं तिच्या डोक्यात बसलंय."

"कुनी बसवलं?"

शुभदाने आबांचंच निवेदन त्यांना वाचून दाखवलं. आबांनी उशीवरून मान उचलली. मग म्हणाले, "तुझा फोन काढ. मी बोलतोय ते घे."

तिने फोन समोर धरला.

"त्यो व्हॉल्व्ह गळतोय म्हनून पोरगं तीनदा माझ्या मागं लागलं," आबा धापा टाकत बोलू लागले. "सकाळी फेरीला गेलो की धरायचंच मला. मीच म्हटलं, दिवाळी हुंदे, दिवाळीत दूध लई लागतंय, आत्ता मशीन बंद ठिवून कसं चालंल. लिहून देतो म्हनाला. तर म्हटलं, कागद कशाला नाचवतोस, मला सांगितलंस न्हवं? बास झालं. रणजितचा काय बी दोष न्हाई. चूक माझी हाय, माझ्या एकट्याची. अमर माझ्यामुळं गेला. रेश्मा, पोरी, तुझ्या नवऱ्याला घरात घे." मग फोनकडे बोट करून ते म्हणाले, "हे छाप. एक अक्षर बदलू नगंस."

"नाही बदलत, आबा," शुभदा म्हणाली.

बाहेरच्या बाकावर बसून तिने ते चित्रण तिच्या जुन्या दैनिकाकडे पाठवलं. उत्तर यायला चार सेकंद लागले. पडद्यावर लाल पट्टी. 'जुळणी सहा टक्के. हे विधान दौलतराव खराडे यांचे असण्याची शक्यता नाही. बनावट विधान प्रसारित करणे दंडनीय आहे.'

हा काय प्रकार ते जरा सांगायला हवं. दहा-बारा वर्षांपूर्वी असे दिवस आले होते, की कुणाचाही आवाज, कुणाचाही चेहरा घरबसल्या हुबेहूब बनवता येई. मेलेला माणूस निवडणुकीत मतं मागे, आणि जिवंत माणूस न केलेल्या गुन्ह्याची कबुली देताना दिसे. आवाज जुळतो, ओठ जुळतात, म्हणजे तो माणूस खरा, हे संपलं. वर्तमानपत्रं टेकीला आली. मग भाषाशास्त्र आणि गणित जाणणाऱ्या काही मंडळींनी एक साधी गोष्ट हेरली. आज बनवलेला आवाज खोटा असू शकतो, पण वीस वर्षांपूर्वी छापून वाचनालयात जाऊन पडलेला अंक आज कुणाला बदलता येत नाही. म्हणजे माणसाची जुनी, तारीखवार छापील विधानं हा पक्का पुरावा. ती सगळी घ्यायची आणि त्यांतून त्या माणसाची बोलण्याची घडण काढायची. तो कुठले शब्द वापरतो एवढंच नाही. अडचणीचा प्रश्न आला की वाक्य कुठे वळवतो, दोष कुणाकडे देतो, काय कधीच म्हणत नाही, हे सगळं. दोन माणसांची ही घडण सहसा सारखी नसते. तिला नाव पडलं बोलठसा.

सगळ्या वर्तमानपत्रांनी मिळून पडताळणी केंद्र काढलं. नवं विधान बोलठशाशी ऐंशी टक्के जुळलं तर हिरवी पट्टी, नाहीतर लाल. लाल विधान कुणी छापत नाही, आणि फोनवर आलंच तर लोक उघडण्याआधीच पुसून टाकतात. फसवणूक थांबली. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, शुभदानेही टाकला होता. त्या वेळी आबांचा बोलठसा नोंदवायला कागद कुणी पाठवले? शुभदानेच. तोवरचं सगळं नीट लावून, तारखेनुसार, आणि पुढचंही दरवर्षी.

तिने पुण्याला मिलिंद हळबेला फोन लावला. हळबे तिचा बातमीदारीतला जुना सोबती, आता त्याच दैनिकाच्या मध्यवर्ती कक्षाचा प्रमुख.

"हळबे, मी समोर होते. माझ्या देखत बोललेत आबा."

"शुभदा, माझा आहे ना तुझ्यावर विश्वास. पण माझ्या विश्वासाला इथं बटण नाही," हळबे म्हणाला. "लाल पट्टी मला ओलांडताच येत नाही. प्रत्यक्ष पडताळणीचा अर्ज कर. आमचा माणूस येईल, समोर बसून खात्री करेल."

"कधी येईल?"

"तुमच्या जिल्ह्यातली शेवटची बातमीदाराची जागा दोन वर्षांपूर्वी गेली. आता नागपूरहून माणूस येतो. एकवीस दिवस धर."

"हळबे, आबांकडे एकवीस दिवस नाहीत रे. उद्याचा दिवस आहे की नाही ते सांगता येत नाही!"

मग तो हलकेच म्हणाला, "मग तूच लिही. आबांच्या नावाने नेहमी लिहायचीस तसं. तुझं लिहिलेलं जुळेल."

शुभदाला ते पटलं. अहो, तिच्याशिवाय आबांसारखं लिहिणार कोण होतं? ती आत गेली, आबांच्या उशाशी बसली आणि लिहायला लागली. 'शीतकरण विभागातील दुर्घटनेस ऑपरेटर रणजित चौगले जबाबदार नसून, व्हॉल्व्हच्या दुरुस्तीस माझ्यामुळे विलंब झाला, ही माझी चूक आहे.' पाठवलं. जुळणी एकतीस टक्के.

'माझी चूक' काढलं, नुसता विलंब ठेवला. चव्वेचाळीस. 'विलंब झाल्याचे निदर्शनास आले आहे' असं केलं. बासष्ट. 'दुरुस्तीबाबतच्या सर्व बाबी तपासण्यात येतील.' पंचाहत्तर. आता रणजितचं नाव तेवढं खुपत होतं, कारण आबांनी छापील विधानात कधी कुणा कामगाराचं नाव घेतलेलं नव्हतं. ते काढून तिने लिहिलं, 'कोणत्याही कर्मचाऱ्यावर अन्याय होणार नाही, याची सर्वांनी खात्री बाळगावी. या दुर्घटनेची सखोल चौकशी करण्यात येईल.' ब्याऐंशी. हिरवी पट्टी.

तिने ते आबांना वाचून दाखवलं.

"ह्यात रणजित कुठं हाय?" आबांनी विचारलं.

"नाही, आबा."

"आनि मी?"

शुभदाने फोन मांडीवर ठेवला. तिला एकेक प्रसंग आठवत होता. टँकर उलटला तेव्हा आबा म्हणाले होते, ड्रायव्हर दोन दिवस झोपला नव्हता, आपलीच चूक, तसं सांग. तिने ते खोडलं होतं. पावडर नासली तेव्हाही. शाळेच्या दुधाच्या वेळीही. दर वेळी ती म्हणायची, आबा, असं म्हणायचं नसतं, आणि आबा म्हणायचे, बरं बाई, तुला कळतंय. चोवीस वर्षांत छापील आबा एकदाही चुकले नव्हते. मग आज ते चुकलो म्हणतायत, हे त्या यंत्राने कसं मानावं? त्याचंही बरोबरच होतं, आणि याचाच तिला संताप येत होता.

"असूं दे," आबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. "तू तुझ्या नावानं सांग. तू ऐकलंयस न्हवं?"

हे तिला सुचलंच नव्हतं. तिने घाईघाईने स्वतःचं निवेदन लिहिलं. मी शुभदा ओतारी, अध्यक्षांनी माझ्यासमोर पुढीलप्रमाणे सांगितलं. पाठवलं. या वेळी पट्टी लालही नव्हती आणि हिरवीही नव्हती. 'या व्यक्तीच्या सार्वजनिक विधानांची नोंद शून्य. तुलना शक्य नाही.' बातमीदार असताना तिच्या बातम्या 'आमच्या प्रतिनिधीकडून' अशा छापून यायच्या, आणि संघात आल्यापासून ती जे बोलली ते आबांच्या नावाने. तीस वर्षं छापखान्याची शाई अंगाला लावून घेतली, आणि तिच्या नावावर कुठे एक ओळ नव्हती.

व्हरांड्यात धैर्यशीलराव उभे होते. डोळे सुजलेले. ती त्यांच्यावर तुटूनच पडली.

"धैर्यशीलराव, ते निवेदन मागे घ्या. काका शुद्धीत नसताना त्यांच्या तोंडी शब्द घातलेत तुम्ही!"

"मॅडम, आईशप्पथ, मी पण ते पेपरातच वाचलं. माझ्याकडे सहीला आलंच नाही ते," धैर्यशीलराव म्हणाले. "मागं घ्यायलाही सांगितलं मी प्रवक्त्याला. तो म्हणतोय, आबांनी आजवर एकही विधान मागं घेतलेलं नाही, तेव्हा ते जुळणार नाही."

शुभदाला भांडायला कुणी उरलंच नाही. धैर्यशीलराव भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडायला लागले, आणि तिलाच त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा लागला.

पोलिसांकडेही ती जाऊन आली. फौजदार भला माणूस होता, त्याने चित्रण पूर्ण ऐकलं, दोनदा ऐकलं. कोर्टात पाठवतो म्हणाला. पण तिथेही पडताळणीचाच अहवाल मागवतात ताई, तो काय येणार ते तुम्हाला माहीत आहे, असंही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा गेले. दहा मिनिटांत त्यांचा सभासदांना अखेरचा संदेश सगळीकडे आला. दुर्घटनाग्रस्त कुटुंबाला न्याय मिळवून देण्याचं काम नव्या पिढीने पुढे न्यावं, असं त्यात होतं. जुळणी अठ्ठ्याण्णव टक्के. लोक तो वाचून ढसाढसा रडले.

आबांचे दिवस उरकल्यावर शुभदा रणजितच्या गावी, माळेवाडीला गेली. छापायचं आता तिच्या डोक्यातून गेलं होतं. जगाला नाही तर नाही, पण एका बाईला तरी खरं कळू दे, तिने नवऱ्याला घरात घेऊ दे, एवढंच तिला हवं होतं.

रणजित गोठ्याच्या दाराशी बसला होता. दाढी वाढलेली, अंगात संघाचाच निळा सदरा. शुभदाने फोन त्याच्यापुढे धरला. पहिलं वाक्य ऐकलं आणि तो ताठ बसला.

"आबा!" तो म्हणाला. "आबाच हायत ह्ये. सकाळी फेरीला यायचे ते असंच बोलायचे." मग ऐकता ऐकता त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. शेवटपर्यंत ऐकून तो घराकडे तोंड करून ओरडला, "रेश्मा! अगं रेश्मा, भाईर ये! आबांनी सांगितलंय बघ. तुझं नाव घेऊन सांगितलंय!"

रेश्मा उंबऱ्यात आली. नवऱ्याकडे तिने बघितलं नाही. शुभदाला ओळखून तिने या म्हटलं, पाणी आणलं, आणि मग दाराला टेकून सगळं चित्रण ऐकलं. फोनवर खाली लाल पट्टी होतीच. पण रेश्माने तिकडे लक्षच दिलं नाही. ती आबांच्या चेहऱ्याकडे बघत होती, अगदी टक लावून.

"ताई, आबा असं बोलत न्हाईत," ती शेवटी म्हणाली.

"रेश्मा, हेच आबांचं खरं बोलणं आहे. मी समोर होते."

"मी लगीन होऊन आल्यापासनं आबांना वाचतीया. सभेला ऐकलंय. किती शांत बोलायचे, किती शुद्ध. माझा अमर संघात चिकटला तवा आबांचं पत्र आलं हुतं घरी. 'आपला भाऊ आता आमच्या कुटुंबाचा घटक झाला आहे.' मला पाठ हाय सगळं. त्या मानसाच्या तोंडी तुम्ही हे काय घातलंय?"

"ते पत्र मी लिहिलं होतं, रेश्मा," शुभदा म्हणाली. आता लपवून काय करायचं होतं? "सभेतली भाषणंही मीच लिहायचे. पेपरातलंही सगळं मीच, चोवीस वर्षं. आबा सही करायचे. तू वाचलंस ते आबांचं नव्हतं गं, माझं होतं. हे एवढंच आबांचं आहे."

रेश्माच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेल्यासारखं शुभदाला दिसलं, आणि क्षणभर तिला आशाही वाटली. रणजित तर उभाच राहिला होता.

"सगळं तुम्हीच लिहायचा?" रेश्माने विचारलं.

"हो. सगळं."

"चोवीस वर्सं?"

"हो गं बाई."

"मग हे बी तुम्हीच लिहिलं असनार," रेश्मा म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता. तिने शुभदाच्या हातातला रिकामा तांब्या घेतला, आत गेली आणि दार लावून घेतलं.

शुभदा अंगणात तशीच उभी राहिली. रणजित हळूहळू परत गोठ्याच्या दाराशी जाऊन खाली बसला.

"ताई," तो म्हणाला, "परत एकदा लावा की."

तिने लावलं.